रोप जागच्या जागी थांबलंय? खत टाकण्याआधी शेंडा आणि पांढरी मुळी तपासा

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढच्या तपासण्या करायला घ्या.

- तीन-चार आठवडे झाले, नवं पान नाही. जुनी पानं मात्र हिरवीगार, कधी नेहमीपेक्षा गडद.
- नवी पानं येतात, पण आधीच्यापेक्षा लहान, चुरडलेली, जाडसर. कडा वर किंवा खाली वळलेल्या.
- पेरांमधलं अंतर कमी होत गेलंय आणि शेंड्याशी पानांचा गुच्छ झालाय.
- शेंडा काळा पडून वाळलाय, किंवा मऊ पडून कुजलाय.
- शेंडा दिसतच नाही. खालच्या पानांच्या बगलेतून एकदम तीन-चार फुटवे निघालेत.
- माती ओली असूनही भर दुपारी रोप माना टाकतं आणि संध्याकाळी सावरतं.
- खोड धरून हलवलं तर रोप मातीत डगमगतं.
- खत दिलं, तरी फरक नाही. उलट पानांच्या कडा करपल्या.

वाढ नेमकी होते कुठे

जनावराचं पिल्लू अंगभर वाढतं. झाड तसं वाढत नाही. खोडाची उंची आणि मुळाची लांबी वाढवणाऱ्या पेशी टोकांशीच तयार होतात: प्रत्येक फांदीच्या शेंड्यात आणि प्रत्येक मुळाच्या टोकात. तिथल्या ऊतीला विभाजी ऊती म्हणतात. खोडावर कोरलेलं नाव वीस वर्षांनीही त्याच उंचीवर सापडतं, कारण तो भाग आता सालीखालच्या पेशींमुळे फक्त जाड होतो, लांब होत नाही.

शेंड्यातला हा विभाजी भाग बहुतेक झाडांत ०.१ ते ०.२५ मिलिमीटर रुंदीचा असतो. मोहरीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे मोठा. कोवळ्या पानांच्या घड्यांत तो लपलेला असतो, त्यामुळे त्याला इजा झाली तरी लगेच कळत नाही. दहा-बारा दिवसांनी जे पान उघडतं ते वाकडं निघतं, तेव्हा कळतं. मुळाच्या टोकाशी क्रम असा: सर्वांत पुढे मूलटोपी, तिच्या मागे विभाजी पेशी, त्यांच्या मागे लांब होत जाणाऱ्या पेशींचा काही मिलिमीटरांचा पट्टा आणि त्यामागे मूलरोम, म्हणजे मुळावरचे केसांसारखे बारीक तंतू. पाणी आणि खनिजं ओढण्याचं बरंचसं काम टोकाजवळचा हा कोवळा भागच करतो. शेतकरी ज्याला ‘पांढरी मुळी’ म्हणतात ती हीच.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर वालाचं किंवा राजम्याचं बी ओल्या कागदात मोड आणून घ्या. मूळ दोन-तीन सेंटिमीटर झालं की टोकापासून वर एकेक मिलिमीटरवर न पसरणाऱ्या शाईच्या दहा बारीक रेघा ओढा आणि कागद ओला ठेवून अंधारात उभं ठेवा. दुसऱ्या दिवशी वरच्या रेघा होत्या तितक्याच अंतरावर असतात. टोकाच्या लगेच मागच्या रेघा मात्र एकमेकींपासून लांब गेलेल्या, शाई ताणून फिकी झालेली. एकोणिसाव्या शतकात युलिउस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळाच्या वाढीचा पट्टा याच पद्धतीने शोधला होता. बोटाच्या पेरापेक्षा लहान असा तो पट्टा. तो मेला की त्या मुळाची वाढ संपली.

तेव्हा रोप थांबलं असेल तर बिघाड दोन ठिकाणी शोधायचा, शेंड्यात आणि मुळाच्या टोकात. शेंड्यात दिसणारा बिघाडही पुष्कळदा खाली मुळात सुरू झालेला असतो. खत शोषणारी टोकंच मेलेली असताना खत घातलं तर ते मातीत साचतं आणि उरलेल्या टोकांनाही जाळतं. या तक्रारीत सर्वांत जास्त नुकसान याच एका घाईने होतं.

आधी खात्री करा: हा बिघाड आहे का?

नुकतीच पुनर्लागवड झाली असेल तर पहिले १० ते १५ दिवस शेंडा हलत नाही. उपटताना मूलरोम तुटलेले असतात आणि रोप ते आधी भरून काढतं. आंब्यासारखी झाडं सलग वाढतच नाहीत. पालवीची एक लाट येते, मग काही आठवडे विश्रांती. सूर्यफूल, मका आणि टोमॅटोच्या ठेंगण्या जाती यांच्यात शेंड्याचंच रूपांतर फुलोऱ्यात होतं, म्हणजे त्या खोडाची उंची तिथेच संपायची असते. उष्ण प्रदेशातली बहुतेक झाडं १० ते १२ अंश सेल्सिअसखाली जवळजवळ थांबतात. यापैकी काही असेल तर रोपाला हात लावू नका.

तपासणी १: दोरा बांधा आणि सात दिवस मोजा

खर्च शून्य. शेंड्याच्या खालच्या दुसऱ्या पेरावर सैल दोरा बांधा. दोऱ्यापासून सर्वांत वरच्या पानाच्या देठापर्यंतचं अंतर मोजा आणि सर्वांत कोवळ्या पानाची लांबी लिहून ठेवा. सात दिवसांनी पुन्हा मोजा.

नजरेचा अंदाज इथे फसवतो. रोज पाहिलेलं रोप थांबल्यासारखंच वाटतं. पान वाढतंय पण खोड नाही, असं निघालं तर ऊन जास्त, थंडी किंवा मुळांना जागा कमी असण्याची शक्यता मोठी. पान आणि खोड दोन्ही वाढले नसतील तर पुढे चला. आणि सात दिवसांत दोन सेंटिमीटर वाढ निघाली, तर रोप ठीक आहे आणि हा लेख इथेच सोडून द्यायला हरकत नाही.

तपासणी २: शेंडा भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणारं साधं हातभिंग पुरतं. कोळ्यांसाठी (जाळं विणणारे नव्हेत, तर पानातला रस शोषणारे अतिसूक्ष्म कोळी, म्हणजे माइट) वीसपट असेल तर उत्तम. शेंड्याखाली पांढरा कागद धरा, शेंडा दोन-तीनदा टिचकीने झटका आणि कागदावर काय हलतंय ते पाहा. मग कोवळ्या पानाची घडी नखाने हलकेच उघडून आत पाहा.

मिरचीत पानाच्या वळण्यावरून बरंच कळतं. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे: पिवळसर, लांबट, कागदावर तुरुतुरु पळणारे. कडा खाली वळल्या, पान अरुंद झालं, देठ लांबला आणि पानाची खालची बाजू तांबूस-चकचकीत दिसली तर कोळी. हा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, त्यामुळे लोक त्याला विषाणू समजून रोप उपटतात किंवा कमतरता समजून सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारत बसतात. मावा मात्र सहज दिसतो आणि त्याच्या चिकट स्रावावर मुंग्या येतात.

किडी शेंड्यालाच का धरतात? तिथल्या पेशींची भित्तिका पातळ असते आणि रस प्रथिनांनी संपन्न असतो. तीन-चार किडे जुन्या पानावर काही बिघडवत नाहीत. तेच शेंड्यात बसले की पुढची चार-पाच पानं जन्मतःच वाकडी होतात.

उपाय: वाईट झालेला शेंडा तीन ते पाच सेंटिमीटर खुडा आणि पिशवीत बंद करून टाका, तिथेच मातीत टाकू नका. मावा आणि फुलकिड्यांसाठी १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, त्यात विरघळायला थोडा द्रवरूप साबण. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने, पाच-सात दिवसांनी पुन्हा. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण वेष्टनावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा. तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा आणि तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, पानं भाजतात.

फवारणीनंतर आधीची वाकडी पानं सरळ होणार नाहीत. त्यांचा आकार घडीत असतानाच ठरून गेलेला असतो. उपाय लागू पडला की नाही, हे त्यानंतर उघडणाऱ्या दोन-तीन पानांवरून ठरवायचं. इथे अधीर होऊन लोक चार दिवसांत चार औषधं बदलतात आणि मग कशाने काय झालं ते कळत नाही.

तपासणी ३: नखाने खरवडा

शेंडा वाळलेला दिसतो तेव्हा तो कुठपर्यंत मेलाय ते पाहायचं. टोकापासून खाली दर दोन सेंटिमीटरवर साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं की तिथून खाली जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर मेलेलं.

कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि जिवंत डोळ्याच्या (पानाच्या बगलेतल्या, फुटवा देणाऱ्या कोंबाच्या) अर्धा ते एक सेंटिमीटर वर तिरका काप घ्या. आता कापाकडे बघा. मध्यभागी किंवा सालीलगत तपकिरी ठिपका अथवा कडं दिसलं तर रोग अजून खाली उतरतोय. कात्री पुन्हा पुसून आणखी खाली कापा. काप पूर्ण पांढरा-हिरवा येईपर्यंत हे करायचं. अर्धवट छाटणी हेच शेंडेमर परत-परत येण्याचं मुख्य कारण आहे.

शेंडा गेला म्हणून झाड गेलं असं होत नाही. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन हे संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. १९३० च्या दशकात थिमान आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी शेंडा कापलेल्या बाकल्याच्या (ब्रॉड बीनच्या) रोपाला कापावर ऑक्सिन लावलं, तेव्हा बगलेतले डोळे झोपलेलेच राहिले. म्हणजे शेंडा कापला की दाब उठतो आणि खालचे डोळे आठ-पंधरा दिवसांत फुटतात. एकच सरळ खोड हवं असेल तर त्यातला सर्वांत जोमदार फुटवा ठेवा, काठीला बांधा, बाकीचे बोटभर व्हायच्या आत काढा.

तीन ठिकाणी मात्र हा नियम चालत नाही.

नारळ, सुपारी, खजूर, ताड: एका खोडाला वाढीचं ठिकाण एकच, माथ्यावर झावळ्यांच्या मधोमध. बगलेतून पर्यायी शेंडा येत नाही. तिथला कोंब कुजला तर ते खोड वाचत नाही, म्हणून मधली कोवळी झावळी पिवळी पडून ओढल्यावर हातात येत असेल तर दिवस न घालवता तज्ज्ञाला बोलवा.

मका, ज्वारी, ऊस, गवत: कोवळेपणी वाढीचं टोक जमिनीलगत असतं आणि पेरांच्या बुडाशीही वाढणारी ऊती असते. म्हणून गवत कापलं तरी वाढतं. पण मधला पोंगा वाळला असेल तर तो चिमटीत धरून ओढा. सहज उपसून आला, बुडाशी कुजकट वास आला, तर ती पोंगेमर. आत खोडकिडा किंवा खोडमाशीची अळी आहे. त्या धाटाला औषध देऊन काही मिळत नाही, ते अळीसकट काढून नष्ट करा म्हणजे शेजारचं वाचेल.

अरोकेरिया, म्हणजे घरोघरी ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत लावतात ते झाड: मुख्य शेंडा तुटला तर आडव्या फांद्या उभ्या होत नाहीत. झाड जगतं, पण घाट कायमचा बिघडतो.

तपासणी ४: वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही) आहे का?

मातीत बोट पाच सेंटिमीटर खोल घाला, किंवा लाकडी काडी घालून दहा मिनिटांनी काढा. वरची माती कोरडी आणि खाली चिखल हा प्रकार फार सर्रास आढळतो आणि वरचा कोरडेपणा पाहूनच पुन्हा पाणी घातलं जातं. कुंडीचं छिद्र खालून काडीने मोकळं आहे का पाहा. मुळांनी किंवा गाळाने ते बंद झालेलं असतं.

ही तपासणी इतकी महत्त्वाची का, तर मुळाच्या टोकातल्या पेशी सतत विभागत असतात आणि त्यांना मुळाच्या इतर भागांपेक्षा जास्त प्राणवायू लागतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मातीतली पोकळी पाण्याने भरली की सर्वांत आधी टोकं गुदमरतात. जुनी, तपकिरी मुळं टिकून राहतात, म्हणून रोप लगेच मरत नाही, नुसतं थांबतं. ओल्या मातीत माना टाकणारं रोप तहानलेलंच असतं, फक्त पाणी ओढणारं तोंड उरलेलं नसतं.

जमिनीत निचरा पाहायचा तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा करा, पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी किती उतरतं ते मोजा. तासाला दोन-तीन सेंटिमीटरही उतरत नसेल तर निचरा कमी आहे, गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच वाफा) करा.

कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकतं, आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रावर खापरीचा एक तुकडा पुरे. मिश्रणच मोकळं करायचं.

उलट टोकाची चूकही होते: कोकोपीट एकदा ठणठणीत कोरडं पडलं की ते पाणी उडवून लावतं, पाणी कडेने वाहून खालून बाहेर येतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा, मग पूर्ण निथळू द्या.

तपासणी ५: मूळ बाहेर काढून पाहा

ही टाळू नका. पानावरून केलेले तर्क इथे अर्ध्या मिनिटात खरे-खोटे ठरतात.

पाणी दिल्यावर सुमारे सहा तासांनी काढा. माती सांडणार नाही इतकी ओल हवी. खोड दोन बोटांच्या मध्ये घेऊन तळहात मातीवर ठेवा, कुंडी उलटी करा, कड टेबलावर हलकी आपटा. खोड धरून ओढायचं नाही. ओढलं की नेमकी टोकंच तुटतात, म्हणजे जे पाहायचं तेच हरवतं.

आता मातीच्या गोळ्याची बाहेरची बाजू पाहा. जुनी मुळं तपकिरी असणं नैसर्गिक आहे, ड्रॅसीनाची तर नारिंगी असतात. पाहायची ती टोकं. निरोगी टोक शेवटचा एक-दोन सेंटिमीटर पांढरं किंवा फिकट, टणक, टोकाला किंचित पिवळसर. त्याच्या मागे मातीचे कण मखमलीसारखे चिकटलेले. ते कण मूलरोमांनी धरून ठेवलेले असतात. अशी टोकं कुंडीच्या चारी बाजूंना भरपूर दिसली तर मूळ ठीक आहे. गोळा परत ठेवा आणि तपासणी ७ कडे जा.

बिघाड असेल तर पुढच्यापैकी काहीतरी दिसेल.

*मऊ, तपकिरी, वास मारणारी मुळं.* एक मूळ चिमटीत धरून हळूच ओढा. वरचं आवरण मोज्यासारखं निघून आलं आणि आत दोऱ्यासारखा मधला भाग उरला, तर मूळकूज. कात्रीने टणक, पांढरा भाग लागेपर्यंत कापा, जुनी माती टाकून द्या, उरलेल्या मुळांना बसेल इतक्याच लहान कुंडीत मोकळ्या मिश्रणात लावा आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवा. मोठी कुंडी दिली तर जास्तीची माती ओलीच राहते आणि कूज परत येते. फुलं, कळ्या, फळं काढा. शेंडा मात्र खुडू नका: नवी मुळं फुटायला लागणारं ऑक्सिन तिथूनच खाली येतं. मूळ कापलं तेवढा वरचा भाग छाटावा, हा सल्ला बराच ऐकू येतो. सावली आणि हवेतली ओल मिळत असेल तर त्याची गरज पडत नाही.

*गोल-गोल फिरलेली मुळं.* टोक कुंडीच्या भिंतीला लागलं की ते वळून कडेने वाढत राहतं. अशी गुंडाळी मोठ्या कुंडीत तशीच ठेवली तर ती वर्षभरानंतरही तशीच सापडते. धारदार सुरीने गोळ्याच्या चार बाजूंना वरपासून खालपर्यंत एक-दोन सेंटिमीटर खोल चिरा द्या आणि तळाची चकती कापून काढा. हे निर्दयी वाटतं, पण कापलेल्या टोकाच्या मागे, मुळाच्या आतल्या थरातून नवी बाजूची मुळं फुटतात आणि एका टोकाच्या जागी अनेक टोकं मिळतात. नवी कुंडी जुनीपेक्षा तीन ते पाच सेंटिमीटरच रुंद घ्या. जाळीच्या कुंडीत किंवा कापडी पिशवीत ही वेळ कमी येते, कारण टोक हवेला लागून आपोआप वाळतं आणि मागून फांद्या फुटतात.

*एकाच बाजूची टोकं मेलेली.* ऊन लागणारी बाजू तीच आहे का पाहा. काळी कुंडी उन्हात सहज ४० अंशांच्या वर जाते आणि भिंतीलगतची टोकं भाजतात. कुंडीला सावली करा, झाडाला नाही.

*गाठी.* मूळच जागोजागी फुगलेलं, गाठ ओरबाडून निघत नाही: सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे अतिसूक्ष्म जंत. वाल, वाटाणा, भुईमूग अशा शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर बाजूला चिकटलेल्या, बोटाने सहज निघणाऱ्या, आतून गुलाबी गाठी असतात त्या हवेतलं नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या आणि उपकारक. या दोन्हींत गल्लत करून चांगली रोपं फेकली जातात. सूत्रकृमी असलेलं कुंडीतलं रोप मातीसकट काढून टाका, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा, ती माती दुसरीकडे वापरू नका.

*आखूड, जाड, बोथट टोकं, बाजूची मुळं जवळजवळ नाहीत.* फार आम्ल माती. सामू (pH) ५ च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांच्या टोकांची वाढ रोखतं. चुना घालायचा, पण माती तपासून. अंदाजाने घातला तर दुसऱ्याच अन्नद्रव्यांची अडचण उभी राहते.

तपासणी ६: साचलेलं खत

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर, पानांची टोकं तपकिरी, मुळांची टोकं सुकून काळी. हे क्षार आहेत. मातीतलं पाणी खारट झालं की मूळ ते ओढू शकत नाही. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन हप्त्यांत घाला आणि खालून पूर्ण वाहू द्या. थाळीत साचलेलं पाणी लगेच ओता. पुढे तीन आठवडे खत बंद.

अर्धवट कुजलेलं शेणखत हाही याच जातीचा त्रास. हात घातल्यावर उबदार लागलं किंवा अमोनियाचा झणका आला तर ते मुळाजवळ घालू नका. त्यातला अमोनिया टोकांना जाळतो.

तपासणी ७: कमतरता

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. नियम सोपा आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडात फिरू शकतात; कमी पडले तर झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. कॅल्शियम, बोरॉन आणि लोह बहुतेक झाडांत एकदा बसले की हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता थेट शेंड्यात दिसते.

कॅल्शियम कमी: कोवळ्या पानाच्या कडा करपलेल्या, टोक आकड्यासारखं वळलेलं, टोमॅटोत फळाचं बूड काळं. मातीत कॅल्शियम भरपूर असूनही हे होतं, कारण ते मुख्यतः पांढऱ्या मुळीतूनच आत येतं आणि पाण्याच्या ओघाबरोबर वर चढतं. पाणी कधी फार, कधी नाही, असं असेल तर शेंड्याला ते पोचत नाही. म्हणून आधी पाण्याची पाळी नियमित करा. मग लागलंच तर कॅल्शियम नायट्रेट लिटरला ३ ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोन फवारण्या, नेमक्या शेंड्यावर. जुन्या पानावर फवारलेलं शेंड्यात जात नाही.

बोरॉन कमी: शेंडा मरतो, त्याखालून फुटवे येतात, तेही मरतात, आणि झाडूसारखा गुच्छ होतो, पानं जाड, ठिसूळ, देठाला चिरा. बोरिक ॲसिड लिटरला १ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि एकच फवारणी. बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे, त्यामुळे ‘अजून थोडं’ इथे करू नका.

लोह कमी: कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. सामू ७.५ च्या वर असेल तर साधं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घालून उपयोग होत नाही. चिलेटेड लोह घ्या.

तपासणी ८: तणनाशकाचा अंश

पानं पट्टीसारखी अरुंद, शिरा एकमेकींना समांतर, देठ पिळलेले, शेंडा आकड्यासारखा, आणि भिंगाखाली एकही कीड नाही. टोमॅटो, कापूस आणि द्राक्ष टू-फोर-डीसारख्या तणनाशकांना फार हळवे आहेत. शेजारून उडून आलेला तुषार, नीट न धुतलेला फवारणी पंप किंवा फवारलेल्या चाऱ्यावर पोसलेल्या जनावरांचं शेणखत, यांतून ते येतं. ही तणनाशकं ऑक्सिनचीच नक्कल करतात, म्हणून तडाखा नेमका वाढत्या टोकांना बसतो.

खात्री करायला तीन आठवडे लागतात. शंका असलेली माती किंवा खत तीन कुंड्यांत आणि नक्की चांगलं मिश्रण तीन कुंड्यांत भरा, प्रत्येकीत वालाच्या तीन बिया लावा, छिद्रातून निघणारं पाणी एकमेकांत जाऊ देऊ नका. पहिलं खरं तिहेरी पान उघडेपर्यंत थांबा. फक्त शंकेच्या कुंड्यांत ते चुरडलेलं, पेल्यासारखं निघालं तर उत्तर मिळालं. ते खत भाजीपाल्याला वापरू नका. हलका तुषार लागलेलं रोप पुष्कळदा पुढच्या फुटीतून सावरतं. मातीत अंश असेल तर रोप नव्या मातीत हलवावं लागतं.

इथे थांबा, तज्ज्ञाला बोलवा

- नारळ, सुपारी, ताड यांचा मधला कोंब ढिला किंवा कुजलेला असेल तर. उंच झाडावर स्वतः चढू नका.
- मोठ्या झाडाचा शेंडा वरून वाळत येतोय आणि बुंध्याशी साल सुटलीय, अळंबी उगवलीय किंवा जमीन एका बाजूला उचललीय. अशी झाडं पडतात. प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय फांदीलाही हात लावू नका.
- पानांवर हिरवे-पिवळे ठिपके किंवा शिरांचं जाळं, सोबत चुरडा, आणि एकेक करून शेजारची रोपं तशीच होत चाललीत. हा विषाणू असण्याची शक्यता मोठी, आणि विषाणूवर फवारायचं औषध नाही. रोगी रोपं काढा, रोग पसरवणारी पांढरी माशी, मावा किंवा फुलकिडे आवरा. जात दुर्मिळ असेल तरच ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेला विचारा: विभाजी टोकात विषाणू सहसा पोचत नाही, आणि याचा उपयोग करून १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी रोगी डेलियापासून विषाणुमुक्त रोपं मिळवली होती. घरी हे होत नाही.
- शेतात चट्ट्याचट्ट्यांनी पीक थांबलंय आणि मुळांवर गाठी आहेत. सूत्रकृमींचा प्रकार आणि संख्या प्रयोगशाळेतच कळते, आणि पुढचं पीक त्यावरून ठरवावं लागतं.
- सामू ५ च्या खाली किंवा ८.५ च्या वर, अथवा मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (मातीतल्या क्षारांचं माप) मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर. चुना, जिप्सम किंवा निचऱ्याचं प्रमाण माती परीक्षण अहवालावरून ठरवायचं.
- दोन उपाय पूर्ण करून सहा आठवडे झाले आणि दोऱ्यापासूनचं माप वाढलेलं नाही.

नमुना नेताना एक रोगी आणि एक निरोगी रोप मुळांसकट न्या. उपटू नका, खुरप्याने गोळ्यासकट उकरा. मुळं किंचित ओल्या कागदात गुंडाळा, वरचा भाग कोरडा ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा, कारण एक दिवस बंद पिशवीत राहिलेल्या निरोगी मुळांनाही कूज लागते आणि निदान चुकतं. पूर्ण मेलेलं रोप नेऊ नका. नुकतं बिघडायला लागलेलं न्या. सोबत पाण्याची पाळी, गेल्या दोन महिन्यांत दिलेली खतं-औषधं तारखांसह, आणि दोऱ्याची मापं लिहिलेला कागद द्या.